मोर्स कोडमधून मराठी, गणित, विज्ञान, इतिहास: गावच्या शाळेत सुरुवात कशी करायची

मोर्स कोड (छोट्या-लांब आवाजांतून अक्षरं पाठवायची तारेच्या काळातली पद्धत) शिकवायचा म्हटलं की बहुतेक जण मोबाईलवरून ए टू झेडचा तक्ता काढतात, झेरॉक्स मारून वर्गात चिकटवतात आणि पोट्ट्यांना सांगतात, पाठ करा. दोन दिवस मजा वाटते, तिसऱ्या दिवशी कोणी त्या तक्त्याकडे बघत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की तक्ता बाजूला ठेवा, मोर्स कानाने शिकवा, आणि त्यासाठी वेगळा तास काढू नका, जे विषय रोज शिकवताच आहात त्यांच्या आतच तो घाला. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कितीतरी झेडपीच्या शाळा द्विशिक्षकी आहेत, एकाच खोलीत दुसरी-तिसरी-चौथी सोबत बसते, तिथं मास्तरला आणखी एक विषय परवडतच नाही, पण अशी एक गोष्ट नक्की परवडते जी दुसरीचं पोरगं तोंडाने वाजवू शकते आणि सातवीची पोरगी तिच्यातूनच बीजगणित काढू शकते. नवीन लागलेले शिक्षक, गावात संध्याकाळची अभ्यासिका चालवणारे ताई-दादा, कोणीही करू शकते हे. तुम्हाला स्वतःला मोर्स येत नसला तरी चालते, पोरांच्या दोन दिवस पुढे राहिलं की झालं.

आधी एवढं समजून घ्या

मोर्समध्ये आवाज दोनच. छोट्याला डि म्हणा, लांबाला डा. डा हा डिच्या तिप्पट लांब. एका अक्षराच्या आतल्या दोन आवाजांमध्ये एक डि जाईल एवढं गप्प राहायचं, दोन अक्षरांच्या मध्ये तीन डि एवढं, दोन शब्दांच्या मध्ये सात. सगळा कारभार एवढ्यात आला.

यातलं गप्प राहणं पोरांना वाजवण्यापेक्षा जड जाते, त्याच्याकडे पहिल्या दिवसापासून लक्ष द्या. डि-डा म्हणजे इंग्रजी ए, पण मध्ये जरा जास्त थांबलं तर ऐकणाऱ्याला ते ई आणि टी अशी दोन अक्षरं ऐकू येतात. नवीन पोरांच्या बहुतेक चुका आवाजात नसतात, या मधल्या थांबण्यातच असतात.

पहिला आठवडा: सहा अक्षरं आणि घरची माणसं

परिपाठात रोज दहा मिनिटं घ्या, जास्त नको. पहिल्या आठवड्यात फक्त सहा अक्षरं. ई म्हणजे डि, टी म्हणजे डा, आय म्हणजे डि-डि, एम म्हणजे डा-डा, ए म्हणजे डि-डा, एन म्हणजे डा-डि. एका आणि दोन आवाजांची जेवढी अक्षरं होऊ शकतात तेवढी सगळी ही सहाच आहेत, पण हे पोरांना आत्ताच सांगू नका, गणिताच्या तासासाठी राखून ठेवा.

या सहा अक्षरांत आई येते (ए-ए-आय), ताई येते, मामा-मामी, नाना-नानी येतात, घरी माय म्हणणाऱ्या पोरांना एम-ए-आय चालते. म्हणजे पहिल्या दोन दिवसांत पोरगं घरी जाऊन स्वतःच्या मायचं नाव वाजवून दाखवते आणि तिथूनच त्याचा इंटरेस्ट टिकतो. शाळेतल्या अमितला स्वतःचं नाव वाजवता येते, मग बाकीचे हट्ट धरतात की सर आमच्या नावाचे अक्षर कधी येईन, येऊ द्या हट्ट.

वाजवायचं कशाने? सगळ्यात आधी तोंडाने, मग शिट्टीने. टाळीला लांबी नसते, टाळी लांब वाजवताच येत नाही, म्हणून टाळीवर मोर्स गोंधळतो. पण गावात भजनी मंडळ असते आणि तुकडोजी महाराजांमुळे आपल्याकडे खंजिरी घरोघरी ओळखीची आहे, तर खंजिरीवर डि साठी काठावर बोटाची टिचकी आणि डा साठी मधोमध पूर्ण थाप असे दोन वेगळे बोल ठरवून घ्या, मस्त जमते. भजनात बसणारी पोरं यात बाकीच्यांच्या फार पुढे जातात, वर्गात एरवी मागे बसणारी असली तरी, आणि हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय कारण अशा पोराला सगळ्यांसमोर उभं करून बाकीच्यांना शिकवायला लावणं ही या सगळ्या उद्योगातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट आहे.

एक पथ्य पाळा. अक्षर हळू वाजवू नका, अक्षर नेहमीच्या झपाट्यानेच वाजवा आणि दोन अक्षरांमधली जागा पाहिजे तेवढी वाढवा. हळू वाजवलं की पोरं टिंबं मोजायला लागतात, एक टिंब एक रेघ म्हणजे काय बरं, आणि एकदा ही मोजायची सवय लागली की स्पीड वाढत नाही. जर्मनीतल्या लुडविग कोख नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात हीच गोष्ट धरून पद्धत बसवली, सुरुवातीपासून पूर्ण स्पीड पण अक्षरं दोनच, ती शंभरात नव्वद वेळा बरोबर ओळखली की तिसरं अक्षर द्यायचं. आपणही तसंच करायचं, आठवडा पूर्ण झाला म्हणून पुढे जायचं नाही, ओळखता आलं की जायचं.

मराठीचा तास: यमाताराजभानसलगा

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो म्हणून जरा सविस्तर सांगतो, प्राथमिकवाल्यांनीही वाचा आणि हायस्कूलवाल्यांनी तर वाचाच.

वृत्त शिकवताना आपण लघु आणि गुरू शिकवतो, मग तीन-तीन अक्षरांचे आठ गण, आणि ते लक्षात ठेवायला यमाताराजभानसलगा हे सूत्र. पोरं सूत्र घोकतात आणि परीक्षा झाली की विसरतात. आता लघुला डि म्हणा आणि गुरूला डा म्हणा आणि तेच सूत्र परत म्हणा. यमाता म्हणजे य गण, लघु-गुरू-गुरू, डि-डा-डा, हे झालं मोर्समधलं डब्ल्यू. मातारा, डा-डा-डा, ओ. ताराज, डा-डा-डि, जी. राजभा, डा-डि-डा, के. जभान, डि-डा-डि, आर. भानस, डा-डि-डि, डी. नसल, डि-डि-डि, एस. सलगा, डि-डि-डा, यू. आठ गण आणि मोर्समधली तीन आवाजांची आठच्या आठ अक्षरं, एकही उरत नाही, एकही कमी पडत नाही. दोन वस्तू तीन जागी ठेवायच्या तर आठच प्रकार होतात, म्हणून हे जुळते, कोणी कोणाचं पाहून केलेलं नाही.

तर दुसऱ्या आठवड्यात हे करायचं: फळ्यावर सूत्राची दहा अक्षरं लांब-लांब लिहा, प्रत्येकाखाली डि किंवा डा लिहा, आणि एका पोराला पुठ्ठ्याची खिडकी करून द्या, जिच्यातून एका वेळी तीनच अक्षरं दिसतील. खिडकी एक-एक घर सरकवत न्यायची, दिसेल तो गण सगळ्यांनी वाजवायचा आणि त्याचं मोर्स अक्षर ओरडायचं. आठ वेळा सरकते आणि आठ अक्षरं पाठ होतात, तक्ता न बघता. लहान पोरांना गण, वृत्त हे शब्द सांगायची गरज नाही, त्यांच्यासाठी ते नुसतं म्हणायचं गाणं आहे.

मग एखादं वृत्त घ्या. भुजंगप्रयात म्हणजे एका चरणात चार य गण, म्हणजे मोर्समध्ये डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू. मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत आणि ते तर पोरांना चालीसकट येतात, ते म्हणता-म्हणता खंजिरीवर डि-डा-डा डि-डा-डा धरायला लावा, वृत्त म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. फक्त एक फरक स्पष्ट सांगा, वृत्तात गुरूच्या मात्रा दोन आणि मोर्समधला डा तीन डि एवढा, म्हणजे क्रम जुळतो, लांबी जुळत नाही.

मराठीचं आणखी एक काम आहे, ते म्हणजे तार लिहिणं. तारेला शब्दावर पैसे पडायचे. पोरांना सांगा, कापूस विकला, भाव काय मिळाला, पैसे कधी पाठवतो, बहिणीला कधी आणायला येतो, हे सगळं दहा शब्दांत लिहून दाखवा. सारांशलेखनाचा एवढा चांगला सराव मला दुसरा माहीत नाही, आणि कोणता शब्द काढला तर अर्थ उलटा होतो यावर पोरं एकमेकांशी भांडतात, ते भांडण थांबवू नका.

गणित: तीसात सव्वीस

आता ते राखून ठेवलेलं काढा. एका आवाजाची अक्षरं किती होऊ शकतात? दोन. दोन आवाजांची चार, तीनची आठ, चारची सोळा. बेरीज तीस. इंग्रजी अक्षरं सव्वीस, म्हणजे चार जागा रिकाम्या राहतात, त्या कोणत्या हे पोरांना शोधायला लावा. उत्तर आहे डि-डि-डा-डा, डि-डा-डि-डा, डा-डा-डा-डि आणि डा-डा-डा-डा. इंग्रजीला त्या लागत नाहीत, जर्मनसारख्या दुसऱ्या भाषांनी आपल्या जास्तीच्या अक्षरांना त्या वापरल्या. यातच तिसऱ्या आठवड्याचा अभ्यासही आला, पहिल्या आठवड्यात सहा झाली, दुसऱ्यात आठ, उरली चार आवाजांची बारा, ती रोज दोन या हिशोबाने द्या.

मग विचारा, आपल्या मराठीची स्वर-व्यंजनं तीसात बसतील का? नाही बसत. मग पाच आवाज घ्यावे लागतील, पाचचे आणखी बत्तीस, एकूण बासष्ट. पाचवीपासून वरच्या पोरांना गटात बसवून स्वतःचा मराठी मोर्स बनवायला सांगा, पण अट घाला की जे अक्षर जास्त वेळा येते त्याला छोटा कोड पाहिजे. इंग्रजीत ई सगळ्यात जास्त येते म्हणून तिला नुसतं एक डि दिलं आहे, क्यू क्वचित येते म्हणून त्याला डा-डा-डि-डा. आता मराठीत जास्त काय येते हे कळायला मोजावंच लागते, तर जुन्या पेपरातला एक परिच्छेद कापून प्रत्येक गटाला द्या, ताळ्याच्या खुणा करायला लावा, त्याचा स्तंभालेख काढा. काना किती वेळा येतो हे बघून पोरांचे डोळे मोठे होतात. मग भांडणं सुरू होतात की कान्याला वेगळा कोड द्यायचा का नाही, जोडाक्षर कसं पाठवायचं, आणि तिथं गणिताच्या तासात व्याकरण आपोआप शिकून होते.

लांबीचं गणित सातवी-आठवीला द्या. आई पाठवायला किती डि एवढा वेळ लागतो? ए म्हणजे एक, गप्प एक, तीन, झाले पाच, मग मध्ये तीन, परत पाच, तीन, आणि आय चे तीन, एकूण १९. मामाला ३३ लागतात. एक डि ०.२ सेकंदाची धरली तर आई ३.८ सेकंदांत जाते आणि मामा ६.६ मध्ये. आता अंक घ्या, मोर्समध्ये प्रत्येक अंकाला पाच आवाज, एक म्हणजे डि आणि पुढे चार डा, दोन म्हणजे दोन डि आणि तीन डा, असं करत पाच म्हणजे पाचही डि. लांबी मोजली तर १७, १५, १३, ११, ९ अशी येते. पोरांना यातून सूत्र काढू द्या, एकोणीस वजा दोन गुणिले तो अंक. सहापासून पुढे काय होते ते सांगू नका, त्यांना करू द्या, आणि शून्याला दहा समजलं तर काय होते तेही विचारा. चलाला क्ष काऊन म्हणतात हे ज्यांना कधी समजलं नव्हतं ती पोरंही इथं समजतात, कारण आकडे त्यांनी स्वतः वाजवून मोजलेले असतात.

विज्ञान: की स्वतः बनवा

विकतची की, म्हणजे मोर्स वाजवायचं बटण, मागवू नका. एक लाकडी पट्टी घ्या, त्यावर हॅक्सॉ ब्लेडचा तुटलेला तुकडा एका टोकाला स्क्रूने पक्का करा, दुसरं टोक जरा वर उचललेलं राहील असं वाकवा आणि त्याच्या खाली दुसरा स्क्रू बसवा. दाबलं की ब्लेड स्क्रूला टेकते, सोडलं की उठते. ब्लेडवर रंग असतो, रंगातून करंट जात नाही, म्हणून जिथं टेकते तिथला आणि वायर जिथं लावता तिथला रंग पॉलिश पेपरने घासून पांढरं लोखंड दिसेपर्यंत काढा, बहुतेक वेळा की चालत नाही ती याच कारणाने. दात्यांवर इन्सुलेशन टेप गुंडाळा. नऊ व्होल्टची बॅटरी, तालुक्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा छोटा बझर (लाल वायर प्लसला), झालं. दिवा पाहिजे तर एलईडीसोबत ४७० ओहमचा रेझिस्टर लावा, एलईडीवर साधारण दोन व्होल्ट जातात, उरलेले सात भागिले ४७०, म्हणजे सुमारे १५ मिलीअँपिअर, ओहमचा नियम दहावीच्या पोरांनी इथंच सोडवावा.

पुढचा टप्पा म्हणजे खिळ्याचं विद्युतचुंबक. त्याला लागणारी इनॅमलची तांब्याची तार विकत घ्यायची गरज नाही, पंपाच्या मोटरी वाइंडिंग करणाऱ्याकडे उरलेले तुकडे पडलेले असतात, पोरांनाच पाठवा मागायला, तो मोटर कशी भरतो हेही बघून येतील. तारेची दोन्ही टोकं खरवडून घ्या, सेल जोडा, क्षणभरच दाबा कारण तार तापते. खिळ्याने पत्रा टक्कन ओढला की जुन्या तारयंत्राचं काळीज हेच हे दाखवून झालं. तारयंत्राला एकच वायर पुरायची, परतीचा रस्ता जमिनीतून, स्टाइनहाइल नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये हे दाखवलं. शेतातल्या मोटरची अर्थिंग बघितलेल्या पोरांना हे लगेच पटते. पण हे सगळं सेलवरच, घरच्या किंवा पंपाच्या लाइनला कोणी हात लावायचा नाही, हे रोज सांगा.

आणखी एक प्रयोग पांदण रस्त्यावर करा. टेपने मोजून ३४० मीटर अंतर घ्या, तिकडे एक पोरगं शाळेची लोखंडी घंटा वाजवते आणि प्रत्येक ठोक्याला हात वर करते. हात आधी दिसतो, आवाज जवळपास एक सेकंद उशिरा येतो. हवा शून्य डिग्रीला असली तर आवाज सेकंदाला ३३१ मीटर जातो आणि दर डिग्रीला साधारण ०.६ मीटरने वाढतो, म्हणजे डिसेंबरच्या सकाळी १२ डिग्रीला ३३८ आणि आपल्या मे महिन्यातल्या ४५ डिग्रीला ३५८. उन्हाळ्यात आवाज लवकर पोचते का, हा प्रश्न विचारून ठेवा आणि उत्तर पोरांना काढू द्या.

इतिहास-भूगोल: खामगावचा कापूस

वॉशिंग्टन ते बाल्टिमोर ही पहिली मोठी तार २४ मे १८४४ ची, सॅम्युअल मोर्स आणि त्याचा जोडीदार आल्फ्रेड व्हेल, हे पुस्तकात मिळून जाईल. भारतात डॉ. विल्यम ओशॉनेसीने १८३९ मध्ये कोलकात्याजवळ प्रयोग केले आणि १८५१ पर्यंत कोलकाता ते डायमंड हार्बर लाइन चालू झाली. पण आपल्या पोरांसाठी गोष्ट खामगावपासून सुरू करा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, वऱ्हाडातल्या कापसाला भाव आला, युद्ध संपलं तसा भाव पडला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा आला, आणि त्याच वर्षी समुद्राखालच्या तारेने मुंबई लंडनला जोडली गेली. जहाजाने आठवडे लागायचे ती बातमी काही तासांत यायला लागली. नकाशावर धागा लावायला लावा, खामगाव, जलंब, भुसावळ, मुंबई, एडन, सुएझ, माल्टा, जिब्राल्टर, इंग्लंड. मग विचारा, इंग्लंडच्या कापूस बाजारातला, म्हणजे लिव्हरपूलचा भाव आधी कोणाला कळत असेल, व्यापाऱ्याला का शेतकऱ्याला, आणि त्याने काय होत असेल? ज्या पोरांच्या घरी बाप मोबाईलवर कापसाचा भाव बघूनच गाडी भरतो त्यांना यावर खूप बोलायचं असते, तो तास लांबला तर लांबू द्या.

घरचा अभ्यास म्हणून आजी-आजोबांना विचारून यायला सांगा, तार आली की गावात काय व्हायचं. जवळपास एकच उत्तर येते, वाचायच्या आधीच बाया रडायला लागायच्या. आपल्या देशातली तार सेवा १४ जुलै २०१३ च्या रात्री बंद झाली, मात्र शेवटच्या काळात तिथं मोर्स नव्हता, टेलिप्रिंटर आणि मग कॉम्प्युटर होते, हे नीट सांगा.

एसओएस, म्हणजे संकटातली मदतीची हाक, शिकवाच, डि-डि-डि डा-डा-डा डि-डि-डि, मध्ये न थांबता सलग. १९०६ च्या बर्लिन परिषदेत ते ठरलं, कारण ते ऐकायला चुकत नाही. सोबत हेही बजावा की जागलीला गेलेल्या माणसांच्या दिशेने गंमत म्हणून टॉर्चने ते मारायचं नाही, ते खरं संकट आल्यावरचंच आहे.

वर्गात कोणाला दिसत नसेल तर त्याला मोर्स आवाजाने, कोणाला ऐकू येत नसेल तर टॉर्चने किंवा तळहातावर बोट दाबून, सगळे एकाच खेळात येतात. ज्यांची बोटं नीट चालत नाहीत अशांसाठी गुगलच्या जीबोर्डमध्ये २०१८ पासून मोर्सचा कीबोर्ड आहे, दोन बटणांवर टाइप करता येते. गावात असं पोरगं असेल तर बाकी सगळं सोडून आधी त्याच्या घरी जा आणि हे दाखवून या.

सव्वीस अक्षरं झाली की पोरांना खरा मोर्स ऐकवा, हौशी रेडिओवाले आजही एकमेकांना पाठवतात तो. साध्या एफएम रेडिओवर तो ऐकू येत नाही. शाळेत नेट असेल तर वेबएसडीआर (नेटवरून ऐकायचा रेडिओ) शोधा, नेदरलँडमधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर कोणालाही फुकट ऐकता येतो, मोड सीडब्ल्यू (मोर्स ऐकायचा) ठेवा आणि ७.००० ते ७.०४० मेगाहर्ट्झच्या मध्ये हळूहळू सरकवा, आपल्याकडे रात्र पडल्यावर तिथं गर्दी असते. स्पीड पोरांच्या मानाने फार असते, सगळं समजून घ्यायला सांगू नका, फक्त डा-डि-डा-डि डा-डा-डि-डा एवढंच पकडायला सांगा, ते सीक्यू आहे, म्हणजे कोणी ऐकतंय का, या आणि बोला. ज्या पोराला ते पहिल्यांदा ऐकू येईल त्याने हात वर करायचा आणि फळ्यावर वेळ लिहायची.